चिमणी, होडी आणि माजिवड्याची वरात

डोंबिवली पूर्व,
मंगळवार, भर दुपार

ती. दादूस गुणाजी यांस,

धाकट्या मंजुळाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. रविवारपासून कंबर धरलीये, सरळ उभं राहताच येत नाही. कारण पुढे येईलच.) तुझ्या हिरड्यांची सूज उतरली का? आणखी किती दिवस पेजेवर काढायचेत? माधवीला म्हणावं, बोंबलाचं कालवण मिक्सरमधून फिरवलं तरी चव बोंबलाचीच राहते, बापाला उपाशी ठेवू नकोस. पुढचे चार दात गेले की माणूस जरा मवाळ होतो असं मी ऐकलेलं, पण काल फोनवर तू ज्या पट्टीत ओरडत होतास त्यावरून तसं काही झालेलं दिसत नाही. शब्द एक कळला नाही, राग मात्र सगळा कळला. विठ्ठलवाडीचा डॉक्टर कवळी बसवेपर्यंत आपलं फोनवर काही जमायचं नाही, म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच कुणी तोडत नाही हा आणखी एक फायदा.

तर मितेशने तुला फोन करून सांगितलं असणार की मंजूआत्याने नवरदेव हरवला. साफ खोटं! नवरदेव हरवला नव्हता. तो सगळा वेळ घोड्यावर बसलेला होता, दोनशे माणसांच्या डोळ्यांसमोर. फक्त हॉल मागे राहिला. हा मितेश आपल्या ढोलकऱ्याचा मुलगा म्हणून मी आजवर सोसला, पण कीबोर्डावरचं एक बटण दाबून क्लॅरनेटचा आवाज काढणाऱ्या माणसाने माझ्या क्लॅरनेटबद्दल तोंड उघडावं म्हणजे अतीच झालं. (बरं, सध्या तुझं म्हणते. पण अट तू घातलेलीस, विसरू नकोस.)

अट काय होती ते इथे लिहून ठेवते, कारण पत्र आधी माधवी वाचणार आणि तिने जन्मात कधी आपल्या बँडकडे ढुंकून पाहिलेलं नाही. तर माधवी, ऐक. ढोल-ताशाच्या दणक्यात 'थांबा रे' म्हणून कितीही बोंबललं तरी कुणाला ऐकू जात नाही, म्हणून आमच्या आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, क्लॅरनेटवर दोन खुणा ठरवल्या. एक चिमणी. शेजारशेजारचे दोन सूर धरायचे, बाकी सगळी बोटं जागेवर आणि एकच बोट भराभरा उडवायचं, की चिमणीच्या किलबिलीसारखं वाजतं. चिमणी वाजली की वरात थांबली पाहिजे. दुसरी होडी. त्यात एक सूर खालचा, एक पार वरचा, आणि या टोकाकडून त्या टोकाला सारखं हेलकावत राहायचं. होडी वाजली की पुढे चला. होडीला चार बोटं एकदम उठावी लागतात, एकदम बसावी लागतात, त्यातलं एक जरी मागे रेंगाळलं तर क्लॅरनेटातून कोंबडं ओरडतं. पन्नास वर्षं आपला बँड या दोन खुणांवर चाललाय. नवऱ्याचा बाप जरी आडवा पडला तरी क्लॅरनेटने सांगितल्याशिवाय थांबायचं नाही, हा आबांचा नियम. माणसंच काय, आपला नेहमीचा पांढरा घोडासुद्धा तो पाळतो.

आणि अट अशी, की दात काढायला जाताना तुझ्या बापाने कोपरीच्या घरी क्लॅरनेटची पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, महिनाभर तुझ्याकडे. तुला होडी बसली तर क्लॅरनेट तुझं. पण कोपरीतल्याच केशरबाईंच्या नातवाच्या, ऋतुराजच्या वरातीत काही गडबड केलीस तर मितेशचं. झालं, एवढंच. आता दातांचं दुखणं असलेल्या माणसाशी काय भांडायचं, म्हणून मी पेटी उचलून डोंबिवलीला आले. पण दादूस, तुला माहीत आहे मला होडी का येत नाही. तुला आबा ओट्यावर बसवून शिकवायचे आणि मी समोर सुके बोंबील निवडत तुझी बोटं पाहायचे. लाटण्यावर बोटं ठेवून मी सराव केलाय रे, लाटण्यावर! आबांनी मला पकडलं तेव्हा मी अठराची. रागावले नाहीत. दिवाळीनंतर शिकवायला बसले, चिमणी शिकवून झाली, आता होडी म्हणाले, आणि वैशाखात माझं लग्न लावून दिलं. नंतर माहेरपणाला येऊन चोरून वाजवलं ते सगळं चिमणीवरच. एकोणचाळीस वर्षं झाली. ब्लाऊज शिवून शिवून माझी बोटं तुझ्यापेक्षा दुप्पट चालतात, पण होडीचं नाव काढलं की कोंबडं.

असो. सरावाचं सांगते. माझ्या हातात क्लॅरनेट आलं आणि आमच्या सोसायटीचं पाणी गेलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे कळायला तीन दिवस लागले. मी रोज सव्वाअकरा ते सव्वाबारा स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून चिमणी वाजवायचे. आमच्या गच्चीवरच्या टाकीला भोंगा लावलाय, टाकी भरली की तो टिरटिर करतो आणि खाली आमचा वॉचमन पोपट पंप बंद करतो. (तुझ्या लक्षात आलं वाटतं. आमच्या कमिटीच्या नाही आलं.) अकराला पंप सुरू, सव्वाअकराला माझी चिमणी, पोपट धावत जाऊन पंप बंद. बारा घरं कोरडी. प्लंबर आला, त्याने भिंत फोडली. दुसरा प्लंबर आला, त्याने पहिल्याला शिव्या दिल्या. सेक्रेटरी नयनताईंनी टँकर मागवला आणि मिटिंग घेतली. त्या मिटिंगमध्ये पाणीचोरांच्या विरोधात सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर मी. चौथ्या दिवशी खिडकीतून सहज खाली पाहिलं तर मी फुंकर मारली की पोपट पळतोय, मी थांबले की पोपट थांबतोय. मग मात्र मी क्लॅरनेट पेटीत ठेवलं.

मी जाऊन सरळ कबूल केलं. (सरळ म्हणजे पोपटाकडे. नयनताईंना त्याने सांगितलं.) पण पुढे झालं असं, की आता टिरटिर ऐकू आली की पोपट हसून म्हणायचा, मंजुळाताई वाजवतायत, वाजवू दे बिचाऱ्यांना. शनिवारी खरा भोंगा तासभर ओरडला आणि पोपट निवांत तंबाखू मळत बसला. टाकी वाहिली, गच्ची भरली, आणि गच्चीवर नयनताईंच्या कुरडया वाळत घातलेल्या. पाच किलोंच्या! त्यांचा परत चीक झाला. मग कमिटीने ठराव केला, आणि तो अजून खाली बोर्डावर लावलेला आहे, की इमारतीत चिमणी वाजवण्यास सक्त मनाई असून होडीस हरकत नाही. त्यांना बिचाऱ्यांना होडी म्हणजे काय हे कुठे माहीत होतं? पुढचे सव्वीस दिवस रोज तासभर सगळी बिल्डिंग माझं कोंबडं ऐकत होती. आमचे हे कानात कापूस घालून पेपर वाचायचे. नात सान्वीने तर शाळेत सांगितलं की आजीने कोंबडा पाळलाय, आणि बाईंनी तो बघायला मुलं आणायचं ठरवलं. त्या सव्वीस दिवसांत एकदाही होडी लागली नाही, हे मी तुला आईशपथ सांगते.

आता रविवार. तुझा लाल कोट मी दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला. (खांद्याला हात लावावा लागला नाही. माझे खांदे तुझ्याएवढे निघाले, हे बरं की वाईट ते कळेना.) खाली नऊवारी, वर सोनेरी झालरीचा कोट, डोक्यावर तुरेवाली टोपी, आणि मे महिन्याचा उकाडा. कोपरीहून वऱ्हाड दोन बसमधून माजिवड्याला आलं. मेट्रोच्या खांबापाशी उतरून वरात लावली, तिथून सर्व्हिस रोडने हॉल पाचशे पावलांवर. गोरज मुहूर्त सात वाजून चार मिनिटांचा, आम्ही निघालो सहाला. होडी मला येत नसल्याने असं ठरलेलं की चिमणी मी वाजवायची आणि होडी मितेशने, हातगाडीवर बॅटरी लावून ठेवलेल्या कीबोर्डावर. एवढा अपमान मी गिळला. चार वेळा चिमणी वाजवली, चारही वेळा वरात जागच्या जागी थांबली, पोरं नाचली, ऋतुराजची आत्या नाचली, तिचा गुडघा आखडला, मग मितेशने बटण दाबलं की पुढे. सगळं अगदी शिस्तीत.

हॉलचं गेट आलं. दारात व्याही, विहीणबाई, औक्षणाचं ताट, फेट्याचे लोक, सगळे सज्ज. मी छाती भरून घेतली, चिमणी धरली, आणि तेवढ्यात दादूस, तुझ्या क्लॅरनेटच्या मागची चावी सुटली! अंगठ्याखालची. स्प्रिंग जाऊन सात वर्षं झाली, तिला तू रबराने बांधून ठेवलेलीस. (नवी स्प्रिंग बसव म्हणून मी किती वेळा सांगितलं ते आठव.) ते रबर ऐनवेळी तुटलं, चावी वरखाली हलायला लागली, सूर खालून थेट वर उडायला लागला, आणि वाजवायला गेले चिमणी, बाहेर पडली होडी. ती पण अशी ठणठणीत, की सगळ्या बँडने माना वर केल्या. आणि होडी म्हणजे काय? पुढे चला. चालले.

व्याही ताटासकट बघत राहिले. त्यांना वाटलं, वरपक्ष रुसला. आता आपल्याकडे रुसवा म्हटलं की मुलीकडच्यांचे हातपाय गळतात, त्यामुळे मुलीचा मामा कोकम सरबताचा जग घेऊन आमच्या मागे धावत सुटला. प्रत्येक ढोलवाल्याला हात जोडून विचारतोय, अहो काय चुकलं सांगा तरी. ढोलवाले आबांच्या नियमातले, त्यांनी मान वळवली नाही. मागून रिक्षातून ऋतुराजची आजी केशरबाई येत होत्या, त्या अर्ध्या बाहेर लोंबकळून ओरडत होत्या, "आरे हॉल मांगं रायला, घोरा पुरं चाल्ला! कनी थांबवा त्याला!" कोण थांबवणार? घोड्याला होडी ऐकू येत होती.

दोनशे पावलांवर दुसरा हॉल. तिथे दुसरं लग्न, आणि त्यांचा नवरदेव घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. तासभर ताट घेऊन उभ्या राहिलेल्या त्या विहीणबाईंना समोरून वाजतगाजत घोडा येताना दिसला, वर बाशिंगाच्या आणि मोगऱ्याच्या माळांआड तोंड झाकलेला मुलगा. त्यांनी काय करावं? ओवाळलं. कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं. ऋतुराज वाकून पाया पडला! मी नंतर त्याला विचारलं, अरे मेल्या, स्वतःची सासू ओळखता येत नाही? तर म्हणतो, मावशी, मला वाटलं त्या पार्लरमध्ये जाऊन आल्यात म्हणून वेगळ्या दिसतायत. तिथल्या मुलीच्या भावाने तर उशिराचा राग म्हणून कानपिळी तिथेच उरकून घेतली. लाल केला पोराचा कान.

तेव्हा मी काय केलं ते ऐक, म्हणजे तुला बहिणीची अक्कल कळेल. बांगडीतली सेफ्टी पिन काढली, तिने चावी दाबून पक्की केली आणि दणकून चिमणी मारली. सगळं थांबलं. नाचणाऱ्या एकाचा पाय वर होता, तो वरच राहिला. आता परत कसं फिरायचं? आबांनी 'मागे फिरा' अशी खूणच ठेवलेली नाही. (पन्नास वर्षांत लागली नव्हती.) मग मी स्वतःच उलटी फिरले आणि वाजवत वाजवत बँडच्या मधून घुसले, ढोल डावीकडे, ट्रंपेट उजवीकडे, आणि कापड दुमडावं तशी अख्खी वरात माझ्यामागे दुमडली. त्या वळणावर कंबर गेली ती गेलीच. तेवढ्यात त्या लोकांचा खरा नवरदेव गाडीतून उतरला आणि ताटात कुंकू संपलेलं. सहा अठ्ठावन्नला आपण आपल्या गेटात होतो, सात चारला अक्षता पडल्या. कुठे गडबड झाली, मला दाखव.

जेवणाच्या पंगतीत केशरबाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हातारीने माझी बोटं हातात घेतली आणि म्हणाली, "आगो, तुझे आबांची चिमनी वाजली गो. माना वाटला म्हातारा आयला." मी तिथे श्रीखंडाच्या वाटीत रडले दादूस, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत वाजवण्यावरून मला कुणी आबांची म्हटलं नव्हतं.

तेव्हा सारांश असा, की झालं ते रबरामुळे झालं, रबर तुझं, सबब चूक तुझी. मी मोठ्या मनाने माफ केलेली आहे. हिरड्यांना जप, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सोडू नकोस, माधवीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी (आज दुपारपर्यंत तरी क्लॅरनेटवाली) बहीण,
मंजुळा

ता. क. दुसऱ्या हॉलच्या विहीणबाईंचा आत्ताच फोन आलेला. धाकट्या मुलीच्या लग्नाला त्यांना आपलाच बँड हवाय. फक्त वरात एकदा हॉलवरून पुढे नेऊन परत आणायची, ते त्यांच्या पाहुण्यांना फार आवडलं म्हणे. मी हो म्हटलं.

आणखी ता. क. माधवी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. कागद बापाच्या हातात दे आणि चहा टाकायला जा.

दादूस, रबर तुटलं नव्हतं. आत्ता इथे माझ्यासमोर चावीवर आहे, धडधाकट. पिनबिन काही लावली नाही मी. गेट मला स्पष्ट दिसत होतं, ताट दिसत होतं, चिमणीच वाजवायची होती. बोटं ठेवली आणि काय झालं देव जाणे, चारही एकदम उठली. एकदम बसली. कोंबडं नाही, काही नाही, स्वच्छ होडी, अगदी आबा वाजवायचे तशी. म्हटलं बघू या परत लागते का. परत लागली. गेट मागे जाताना कळलं मला, मामाचा सरबताचा जग पण दिसला. बोटं ऐकत नव्हती असं नाही रे, बोटं ऐकत होती, मीच त्यांना थांबा म्हटलं नाही. एकोणचाळीस वर्षांनी लागलेली होडी मला एका गेटासाठी सोडवेना. त्या पोराचा कान पिळला तेव्हा भानावर आले आणि चिमणी मारली.

सकाळपासून दोनदा हे पत्र इथवर आणून थांबले. रबराचं खरं धरलंस तर माझ्यावर ठपका नाही, पण मग होडी माझी नाही आणि तुझ्या अटीने क्लॅरनेट गेलं. होडी माझी म्हटली तर वरात मीच भरकटवली, आणि तुझ्या अटीने क्लॅरनेट तरीही गेलं. दोन्हीकडून मीच मेले. म्हणून आता मागत नाही, वादही घालत नाही. मला द्यायचं तर मला दे, मितेशला द्यायचं तर त्याला दे, पेटी पुसून तयार ठेवलीये. नवरदेव मी पळवला असं कोपरीभर सांग, माझी ना नाही. फक्त ती होडी रबराने वाजवली असं कुणाला सांगू नकोस. ती मी वाजवली.